एकाचाही आवाज नाही

आमच्या विणाईखात्यात दोनशे माग एकाच वेळी खाडखाडतात, त्यामुळे तिथे कुणी बोलत नाही. म्हणजे बोलतात सगळेच, पण आवाज न करता. ओठ मोठे मोठे हलवायचे, शब्द तोंडात नीट घडवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. नवी मुलगी कामाला लागली की पहिले पंधरा दिवस घसा फोडून ओरडते. मग कुणीतरी तिला सांगतं, बाई, गळा कशाला सुकवतेस, नुसतं तोंड हलव. या विद्येत माझा हात धरणारं खात्यात कुणी नाही. चार मागांच्या पलीकडे एक सुपरवायझर दुसऱ्याच्या कानात काय पुटपुटला ते मी जागेवरून सांगते. एकदा 'ही बाई फार शेफारली आहे' असं तो माझ्याविषयी म्हणताना मी वाचलं आणि तिथूनच ओठांनी 'आभारी आहे' म्हणून कळवलं. तेव्हापासून तो माझ्याकडे पाठ करून बोलतो.

नवराही मला तिथेच सापडला. समोरच्या रांगेत त्याचे चार माग, अलीकडे माझे चार. तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्यात त्याचा हात इतका चालतो की खात्यात त्याला गाठ्या म्हणतात. लग्नाचं त्यानं विचारलं तेही ओठांनी, माग चालू असताना. मी म्हटलं, 'परत बोल.' त्याला वाटलं, मला कळलं नाही. कळलं होतं. मला परत बघायचं होतं.

आणि एक सांगायचं राहिलं. माग नीट चालतोय की नाही हे आम्ही कानांनी ओळखत नाही, दोनशेंच्या गोंगाटात ते शक्यच नसतं. मागाच्या लोखंडी चौकटीवर तळवा टेकवायचा. धोटा इकडून तिकडे जाताना जो ठोका बसतो तो हाताला लागतो, आणि ठोका चुकायला लागला की धागा तुटायच्या आधीच कळतं. चौदा वर्षांत माझ्या तळव्यानं मला एकदाही फसवलेलं नाही.

तर अशा आम्हा दोघांना मुलगा झाला. गोलमटोल, गोरा, डोक्यावर पांढुरकी मऊ लव. नवरा म्हणाला, हे तर कापसाचं फुटलेलं बोंड. झालं, तेव्हापासून तो बोंड्या. कागदावर वेगळं नाव आहे, पण ते फक्त दवाखान्यात उपयोगी पडतं.

बोंड्या चार महिन्यांचा झाल्यावर मी परत कामावर गेले. कारखान्याच्या आवारातच पाळणाघर आहे, विणाईच्या शेडच्या भिंतीला लागून. मधल्या सुटीत धावत जायचं, बाळाला पाजायचं आणि परत यायचं. तिथल्या मावशींनी तीस वर्षं माग चालवले, गुडघे गेले तेव्हा त्यांना पाळणाघरात बसवलं. सहा पोरं, सहा पाळणे आणि मावशी. मी गेले की त्या नेहमी एकच सांगायच्या, "अगं, किती गुणी पोरगा आहे तुझा. भूक लागली तरच रडतो. एरवी आवाज नाही त्याचा." मला बरं वाटायचं. गुणी बाळाची आई म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही?

दहाव्या महिन्याच्या तपासणीपर्यंत सगळं सुरळीत होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे एक छापील तक्ता असतो. कितव्या महिन्यात बाळानं काय करायला हवं ते ओळीनं लिहिलेलं आणि पुढे चौकटी. आधाराशिवाय बसतो का? बरोबरची खूण. रांगतो का? खूण. चिमटीत वस्तू उचलतो का? त्या विचारेपर्यंत बोंड्यानं त्यांच्या बाहीला चिकटलेलं सूत दोन बोटांत धरून ओढायला सुरुवात केली होती. नर्सबाई हसल्या. "विणकराचं पोर आहे," मी फुशारकीनं म्हटलं.

मग त्यांनी पुढची ओळ वाचली. "बा-बा, दा-दा, मा-मा असे आवाज काढतो ना? स्वतःशी बडबडतो?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडे.

"रडतो दणक्यात," नवरा म्हणाला.

"रडणं नाही हो. बडबड."

"हसतोपण मोठ्यानं."

"अहो, पण बडबड?"

"नाही," मी म्हटलं. "तसलं काही करत नाही."

नर्सबाईंनी ती चौकट रिकामी ठेवली. एखादं मूल उशिरा बोलतं, म्हणाल्या, पण एकदा कान तपासून घ्या. त्यांनी मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि दारापर्यंत येऊन वर सांगितलं, "काळजी करू नका." काळजी करू नका असं सांगितल्यावर जी काळजी सुरू होते तिच्यावर अजून औषध निघालेलं नाही.

रुग्णालयानं तारीख दिली सहा आठवड्यांनंतरची.

त्या दिवसापासून मी बोंड्याच्या तोंडाकडे बघायला लागले. याआधी बघत नव्हते असं नाही, पण आता डोळ्यांत तेल घालून. त्याचे ओठ हलत होते. जमिनीवर बसून पातेल्याचं झाकण फिरवता फिरवता त्याचे ओठ मिटायचे, उघडायचे, परत मिटायचे, अगदी बोलल्यासारखे. आवाज मात्र नाही. मी कामं टाकून त्याच्यासमोर जाऊन बसायचे. तो मला बघून आनंदानं हात आपटायचा आणि ओठ आणखी जोरात हलवायचा. बोलायचा प्रयत्न करतोय आणि आवाज फुटत नाही, असं मला वाटायचं. मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायचे.

आता खरं सांगते, जे मी तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बोंड्या पोटात असताना, सातव्या महिन्यात, सुपरवायझरनं मला बोलावून घेतलं होतं, या वेळी पाठ न करता. म्हणाला, घडीखात्यात जा. तिथे बसून कापडाच्या घड्या घालायच्या, माग नाहीत, गोंगाट नाही, या दिवसांत ते बरं. मी नाही म्हटलं. माझे चार माग दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेले असते आणि परत मिळाले असते की नाही देव जाणे. खात्यात सगळ्यात कमी धागे माझ्या मागांवर तुटतात, हा माझा तोरा होता. त्या तोऱ्यापायी पोटातल्या पोराला मी नवव्या महिन्यापर्यंत दोनशे मागांच्या मधोमध उभं ठेवलं. माग सुरू झाले की तो आत लाथा मारायचा, आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे, बघ, माझ्याबरोबर काम करतोय. तो काम करत नसेल, ओरडत असेल, असं आता मला वाटायचं. त्याचं काही बिघडलं असेल तर ते मीच बिघडवलं होतं.

नवऱ्याची काळजी वेगळ्या जातीची. त्याला काहीतरी करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एका संध्याकाळी त्यानं बोंड्याच्या मागे जाऊन स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. बोंड्या दचकून वळला आणि मग असा रडला की मला नवऱ्याच्या डोक्यात तेच ताट घालावंसं वाटलं.

"ऐकू येतं त्याला!" नवरा म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता.

"ताट तर भिंतीलाही ऐकू गेलं असेल," मी म्हटलं.

दोन दिवसांनी त्याला नवाच साक्षात्कार झाला. जेवता जेवता हात थांबवून म्हणाला, "मला कळलं. चूक आपली आहे."

मला वाटलं, यालाही तेच सुचलं, मागांचं.

"आपण घरात बोलतो कसे?" तो म्हणाला. "आत्ता मघाशी तू मला पाणी मागितलंस. आवाज काढलास का?"

मी आठवून बघितलं. नव्हता काढला. खरंच, आम्ही घरीसुद्धा खात्यासारखेच बोलतो. सवय आणि दुसरं काय. त्यात बाळ झोपलेलं असलं तर ते सोयीचंही पडतं.

"पोरगा बघून बघून शिकला. त्याला वाटतं, बोलणं म्हणजे ओठ हलवणं. आवाज लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही!"

मला हे इतकं पटलं की मी उठून नवऱ्याला आणखी एकदा वाढलं. माझ्या मागांचा यात संबंध नाही म्हटल्यावर मी दुसरं काहीही पटवून घ्यायला तयार होते. त्या दिवसापासून आमच्या घरात घसे फाटायला लागले. "मी! आता! दार! उघडतेय!" "हा! बघ! चमचा!" पाठ केलेल्या नाटकासारखं आम्ही एकमेकांशी बोलायचो आणि बोंड्या आळीपाळीनं आमच्याकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. तीही आमच्याच खात्यातली, वीस वर्षं झाली तिला. दारातच उभी राहून म्हणाली, "काय गं, भांडणं चाललीत का? भिंतीतून कळतंय."

महिनाभर ओरडलो. बोंड्याचे ओठ तसेच हलत राहिले, आणि आवाज तसाच नाही.

याच दिवसांतली आईच्या फोनची गोष्ट. आई दूर राहते, रविवारी फोन करते. मी फोनचा आवाज पूर्ण मोठा करून तो कानाला घट्ट लावते, आणि ती मुळातच ओरडून बोलते, त्यामुळे आमचं नीट जमतं. मी तिला बोंड्याचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन दारात आली असती. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, बोंड्या माझ्या मांडीवर होता. मध्येच आई म्हणाली, "कोण गं ते मागे बडबडतंय?"

"कुणी नाही."

"अगं, चाललंय की केव्हाचं."

"शेजारचा टीव्ही असेल," मी म्हटलं आणि विषय बदलला.

शेवटी ती तारीख उजाडली. रुग्णालयात कान तपासायची खोली सगळ्यात आतल्या बाजूला. दार गादीसारखं जाड, भिंतींना आणि छताला मऊ खवल्यांचं आवरण. एका बाजूला मोठी काच, काचेपलीकडे दुसरी छोटी खोली. तपासणाऱ्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, केस आखूड, बोलताना सरळ तोंडाकडे बघणाऱ्या. मला त्या लगेच आवडल्या, कारण त्यांचे ओठ वाचायला सोपे होते.

"तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन इथे बसा," त्या म्हणाल्या. "मी काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडणार, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. तो वळून बघतो का ते बघायचं. वळला की त्या बाजूच्या डब्यात दिवा लागतो आणि आतलं खेळणं नाचतं, म्हणजे त्यालाही मजा. तुम्ही मात्र कुठलीही खूण करायची नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही."

नवऱ्याला त्यांनी आपल्याबरोबर पलीकडे नेलं. दार बंद झालं. इतकी शांतता मी आयुष्यात अनुभवली नसेल. मी बोंड्याला कमरेपाशी धरून ताठ बसले आणि वाट बघायला लागले.

बोंड्या डावीकडे वळला. डब्यात दिवा लागला, आत एक अस्वल डफ वाजवायला लागलं. मला वाटलं, आधी खेळणी दाखवून रमवत असतील. मग तो उजवीकडे वळला, तिकडे माकड नाचलं. परत डावीकडे. मग बराच वेळ समोर. परत उजवीकडे. ओठ सारखे हलत होते, तसेच, रिकामे. मी मनात म्हणत होते, अरे, एका जागी बघ, भिरभिरू नकोस, आता आवाज येईल, तेव्हा वळ रे बाबा, तेव्हा वळ. खेळण्यांतच सगळा वेळ घालवताहेत आणि तेवढ्यात हा दमून झोपला तर परत सहा आठवडे थांबा, अशी मला भीती वाटायला लागली. काचेतून मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाईंच्या हातांकडे टक लावून बघत होता.

वीसेक मिनिटं गेली असतील. दार उघडलं आणि बाई हसत आत आल्या.

मी म्हटलं, "अहो, सुरू कधी करणार? तो कंटाळायला लागलाय."

त्यांचं हसू तिथेच थांबलं. "झाली की तपासणी," त्या म्हणाल्या. आधी बोंड्याकडे आणि मग नीट माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठलाच आवाज ऐकू आला नाही?"

मला त्यांचे शब्द दिसले, पण अर्थ लागायला वेळ लागला. मी काचेकडे वळले. पलीकडे नवरा उभा होता, डोळे लाल. इतक्या जाड काचेतून एरवी कुणाला काही कळलं नसतं, पण आम्हाला काच म्हणजे काहीच नाही. त्यानं ओठांनी सांगितलं, 'त्याला सगळं ऐकू येतं. त्यांनी बटण दाबलं की तो वळायचा. एकदाही चुकला नाही.'

मी ओठांनी म्हटलं, 'मला नाही आलं.'

मग त्याचे ओठ हलले, 'परत बोल.'

त्याला कळलं होतं.

बाई खाली वाकून बोंड्याशी खेळत होत्या. "आणि किती गप्पा मारतो हो हा! इथे माईक आहे ना, माझ्या कानात सगळा वेळ याचीच बडबड. घरीपण असाच बोलतो?"

मी तिथे रडले. इतकी की बोंड्या माझ्याकडे बघून घाबरला. आनंदानं रडत होते हे खरं आहे, माझ्या मागांनी त्याचं काही केलं नव्हतं, त्याचे कान शाबूत होते. पण तेवढंच नव्हतं. माझं पोर गेले कित्येक दिवस माझ्या तोंडापाशी तोंड आणून माझ्याशी बोलत होतं आणि मी दुसरीकडे तोंड फिरवून स्वयंपाकघरात जात होते. मागांनी बिघडवलं होतं, पण कुणाचं, ते मी चुकीच्या जागी शोधत बसले होते.

त्या दिवशी बाईंनी माझेही कान तपासले आणि नवऱ्याचेही. कागदावर एक रेघ काढून दाखवली, उतारावरून घसरत गेलेली. मोठे आवाज पोचतात, लहान आवाज पोचत नाहीत. हळूहळू जातं, त्यामुळे गेलेलं कळत नाही, आणि तुम्ही तर समोरच्याच्या तोंडावरून सगळं ओळखता, मग कळणार कसं, असं म्हणाल्या. कारखान्यात कानात घालायला बोळे देत नाहीत का, असंही विचारलं. देतात. माझे कपाटात आहेत, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. बोळे नवशिक्या मुलींनी घालायचे, असा माझा समज. नवऱ्याची रेघ माझ्यापेक्षा थोडी कमी घसरली होती, त्याचासुद्धा त्यानं परतीच्या वाटेवर तोरा मिरवला. मी त्याला कोपरानं ढोसलं. आम्हाला दोघांना कानाची यंत्रं बसवायची ठरली, मापं घेतली, महिन्याभरात मिळतील.

घरी आल्यावर बोंड्याला मी जमिनीवर झाकण घेऊन बसवलं आणि त्याच्या मागे बसून त्याच्या पाठीवर तळवा टेकवला, मागाच्या चौकटीवर टेकवते तसा. आधी श्वास लागला. मग त्यानं झाकण फिरवलं, आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी गुरगुरलं. थांबलं. परत तीन ठोके आले, बारीक, सारख्या अंतरानं. मी नवऱ्याला हाक मारली, खरीखुरी, आवाजानं. तोही येऊन बसला. एवढीशी पाठ, दोन मोठे तळवे त्यावर मावेनात, म्हणून आम्ही पाळीपाळीनं हात ठेवला.

"बाबा म्हणतोय," नवरा म्हणाला.

"तुला काय माहीत? मामा पण असेल. ओठ सारखेच मिटतात."

"मला हाताला कळतं."

"गाठ्या, उगाच फेकू नकोस."

मग मी आईला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून तिनं घाबरूनच उचलला. मी म्हटलं, काही झालं नाही, तू फक्त ऐक आणि हा काय म्हणतो ते मला सांग. आणि फोन बोंड्याच्या तोंडाशी धरला. त्याचे ओठ चालू झाले. मी बराच वेळ धरून ठेवला, हात भरून आला तरी. मग कानाला लावला.

"अगं, यात सांगायचं काय?" आई ओरडली. "दोन महिने झाले मी ऐकतेय. मागे कोण बडबडतंय म्हणून विचारलं तर तूच म्हणालीस टीव्ही आहे. मला वाटलं चेष्टा करतेस."

आईला शेवटी सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच फोनवर गप्प झाली, किंवा हळू बोलली असेल, मला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी निघते, एवढं मात्र तिनं ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून बोळ्यांचं पाकीट काढून खिशात घातलं आणि कामावर जायच्या आधी बोंड्याला घेऊन पाळणाघरात गेले. पाळीला अजून वेळ होता. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. बाकीची पाचही पोरं आधीच आली होती. एक गजाला धरून उभं होतं, दोन जमिनीवर एकमेकांचे पाय ओढत होती, एक पाळण्यात उताणं पडून स्वतःच्या बोटांशी खेळत होतं, एक खुळखुळा चावत होतं. रोज बघते ती खोली. त्या दिवशी मी दारातच थांबले.

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारख्या कौतुकानं म्हणाल्या, "बघ, कशी गुणी पोरं. एकाचाही आवाज नाही."

मी पोरांच्या तोंडांकडे बघत होते. उभ्या असलेल्याचे ओठ चालू होते. जमिनीवरच्या दोघांचे चालू होते, एक थांबलं की दुसरं. उताणं पडलेलं बोटांना काहीतरी समजावून सांगत होतं. खुळखुळा चावणारं मध्येच तो बाजूला काढून बोलायचं आणि परत तोंडात घालायचं. मी बोंड्याला खाली ठेवलं तर तोही जाऊन त्यांच्यात सामील झाला. सगळी खोली बोलत होती, आणि खोलीत मोठी माणसं दोन, मी आणि मावशी.

मी मावशींजवळ गेले. त्यांची तीस वर्षं, माझी चौदा. मी सगळ्यात जवळच्या पोराला उचलून त्यांच्या मांडीवर बसवलं, पाठ त्यांच्याकडे करून. मग त्यांचा उजवा हात हातात घेतला, बोटं मोकळी केली आणि तळवा त्या पाठीवर टेकवला.

"हे काय गं?" मावशी हसत म्हणाल्या.

"मागावर ठेवायचात ना, तसा ठेवा," मी म्हटलं. "आणि थांबा जरा."

त्या थांबल्या. त्यांचा तळवा माझ्यापेक्षा जुना होता, त्याला वेळ लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पोरांकडे, मग एकेक करत सगळ्या पाळण्यांकडे. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. आवाज काढला की नाही, मला सांगता येणार नाही, पण ओठ मला नीट दिसले.

"केव्हापासून?"